कॉन्व्हॉयजवळ पोचायच्या आधीच एस्कॉर्ट पकडतात? आधी कशामुळे सापडलात ते ओळखा

सायलेंट हंटर 3, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी (यू-बोट) चालवायचा कॉम्प्युटर गेम, खेळणाऱ्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं. कॉन्व्हॉय (शत्रूच्या मालवाहू जहाजांचा ताफा) सापडतो, आपण पुढे जाऊन वाट बघत थांबतो, सायलेंट रनिंग लावतो, पेरिस्कोप वर काढतो, टार्गेट समोर आलंय आणि टॉर्पेडो सोडायच्या आतच पुढचा डिस्ट्रॉयर, म्हणजे ताफ्याची राखण करणारा एस्कॉर्ट, वळून थेट आपल्या अंगावर. मग तासन् तास डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बाँब), बोट फुटते नाहीतर कशीबशी वाचते, कॉन्व्हॉय निघून जातो आणि पुढच्या गस्तीला परत तेच. यावर सल्ले मिळतात ते पण ठरलेले, अजून खोल जा, अजून हळू जा, पेरिस्कोप कमी वापर. यातला एकही सल्ला खोटा नाही, पण बोट दिसल्यामुळे सापडली असेल तर हळू जाऊन काही होत नाही, आणि आवाजामुळे सापडली असेल तर पेरिस्कोप खाली घेऊन काही होत नाही. पाणी कुठे मुरतंय ते आधी बघायला लागतं. इथे टाइप सेव्हन सी बोट आणि अटलांटिकचा कॉन्व्हॉय धरून लिहितोय, कारण बहुतेकांची अडचण तिथेच असते.

एस्कॉर्टकडे तुम्हाला शोधायचे चार मार्ग आहेत: डोळे, रडार, हायड्रोफोन (पाण्यातले आवाज ऐकणारं यंत्र) आणि अॅस्डिक (म्हणजे पाण्यात आवाजाचे पिंग मारून त्यांचा प्रतिध्वनी ऐकणारा सोनार). खेळातसुद्धा हे चार वेगवेगळेच धरलेत. डेटा फोल्डरच्या आतल्या सीएफजी फोल्डरमध्ये सिम.सीएफजी नावाची फाइल आहे, ती नोटपॅडमध्ये उघडून बघा, व्हिज्युअल, रडार, हायड्रोफोन, सोनार असे वेगळे भाग दिसतील आणि प्रत्येकात लाटांचा किती परिणाम, स्पीडचा किती, आवाजाचा किती असे आकडे. आकडे बदलायला सांगत नाहीये, फक्त वाचा, कारण वाचल्यावर कळतं की "मी सापडलो" हे एकच उत्तर नसतं.

तर एस्कॉर्ट कसा वागला त्यावरून ओळखायचं. एकही पिंग ऐकू आला नाही आणि एस्कॉर्ट चार-पाच किलोमीटरवरून एकदम स्पीड वाढवून सरळ तुमच्याकडे निघाला, किंवा तोफा सुरू केल्या, किंवा रात्री आकाशात स्टारशेल (उजेड पाडणारे गोळे) सोडले, तर तुम्ही दिसलात, एकतर डोळ्याला नाहीतर रडारला. एस्कॉर्ट आपला मार्ग सोडून हळू झाला, थोडा इकडे थोडा तिकडे करत साधारण तुमच्या दिशेला सरकायला लागला आणि पिंग नंतर सुरू झाले, तर त्याला तुमचा आवाज आलाय. आणि एस्कॉर्ट आपल्या नेहमीच्या वाटेनेच पिंग मारत येत होता, तुमच्या जवळून जाता जाता अचानक वळला, तर अॅस्डिकच्या बीममध्ये तुम्ही आडवे सापडलात. चौथा प्रकार असा की टॉर्पेडो लागेपर्यंत काहीच झालं नाही आणि स्फोटानंतर सगळे धावायला लागले, त्याला सापडणं म्हणायचं नाही, ते फक्त शोधतायत, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे कारण शोधणाऱ्या एस्कॉर्टला बघून घाबरून फुल स्पीड मारणारे लोक स्वतःचा पत्ता स्वतः देतात.

आता एकेक बघू.

दिसणं. पाण्याखाली असताना दिसतो तो पेरिस्कोप. समुद्र शांत असेल आणि दिवसाउजेडी तुम्ही चार-पाच नॉटने जात पेरिस्कोप मीटर-दीड मीटर बाहेर काढून अर्धा मिनिट धरून बसला असाल तर दुसरं कारण शोधूच नका. अटॅक पेरिस्कोप वापरा, त्याचं टोक बारीक असतं, ऑब्झर्व्हेशनवाला जाड असतो आणि तो आकाशात विमान बघण्यासाठी, हल्ल्यासाठी नाही. बोट दोन नॉटच्या खाली आणा, मग पेरिस्कोप काढा, म्हणजे त्याच्यामागे पांढरी रेघ उठत नाही. आणि थोडाच काढा, लाट अधूनमधून वरून जाईल इतका, थोडं चिडायला होतं पण चालतं. बघून लगेच खाली. दोन वेळा बघण्याच्या मध्ये कॉन्व्हॉय कुठे पोचला असेल ते स्टॉपवॉच आणि नकाशावरून काढता येतं, कॉन्व्हॉय काही सारखा वळत नाही. लॉक करून सतत बघत राहायची सवय सोडा, ती सवय खेळातल्या सोप्या सेटिंगने लावलेली आहे.

रात्री पृष्ठभागावरून हल्ला करणाऱ्यांसाठी तारीख बघणं सगळ्यात महत्त्वाचं. 1940 मध्ये जर्मन कमांडर नेमकं हेच करायचे, रात्री पाण्यावरून आत शिरायचे कारण अॅस्डिकला पृष्ठभागावरची बोट नीट मिळत नव्हती आणि यू-बोटचा कॉनिंग टॉवर इतका बुटका की लाटांमध्ये अंधारात दिसायचा नाही. ऑटो क्रेचमरने यू-99 घेऊन थेट कॉन्व्हॉयच्या रांगांच्या मध्ये जाऊन हल्ले केले. ऑक्टोबर 1940 मध्ये एससी 7 या कॉन्व्हॉयची 35 पैकी 20 जहाजं बुडाली ती याच पद्धतीने. पण मार्च 1941 मध्ये एचएक्स 112 वर हल्ला करताना शेप्के या दुसऱ्या जर्मन कमांडरची यू-100 ब्रिटिश डिस्ट्रॉयर व्हॅनॉकने रडारवर पकडली आणि धडक मारून बुडवली, त्याच रात्री क्रेचमरही पकडला गेला. मग 271 नंबरचं सेंटिमीटर लहरींचं रडार आलं, ते कॉर्व्हेटसारख्या लहान युद्धनौकेवरसुद्धा बसायचं, नोव्हेंबर 1941 मध्ये मॅरीगोल्ड या कॉर्व्हेटने त्याच्याच जोरावर यू-433 बुडवली. खेळ हा काळ बऱ्यापैकी पाळतो. म्हणजे 1940 मध्ये जमलेली युक्ती तुम्ही 1942 च्या शेवटी करायला गेलात आणि तीन-चार किलोमीटरवरच सापडलात तर तुमचा हात बिघडलेला नाही, काळ बदललाय. मेटॉक्ससारखा रडार वॉर्निंग रिसीव्हर घेतला तरी सेंटिमीटरवालं रडार त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे वॉर्निंग आली नाही म्हणजे रडार नाही असं धरून चालू नका.

1939 ते 41 च्या मध्यापर्यंत रात्री वरून जायचं असेल तर बोटीचं नाक एस्कॉर्टकडे ठेवा, स्पीड कमी ठेवा म्हणजे मागे फेस कमी दिसतो, आणि चंद्र कुठे आहे बघा. चंद्र कॉन्व्हॉयच्या पलीकडे पाहिजे, म्हणजे जहाजं उजेडात काळी दिसतात आणि तुम्ही अंधाराच्या बाजूला राहता. हे उलट झालं की झालंच मग.

आवाज. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. झेड दाबला की सायलेंट रनिंग लागतं आणि आपल्याला वाटतं आपण आता नाहीसेच झालो. तसं नाही. सायलेंट रनिंगमध्ये दुरुस्ती आणि टॉर्पेडो भरणं थांबतं, क्रू गप्प होतो, पण प्रोपेलरचा आवाज तुमच्या स्पीडवरच राहतो. सायलेंट रनिंग लावून चार-पाच नॉट मारत असाल तर एस्कॉर्टला ऐकू जाणारच. दोन नॉट किंवा त्याच्या खाली, हेच धोरण, आणि स्पीड कमी केल्या क्षणी बोट हळू होत नाही, ती घरंगळत जाते, म्हणून एस्कॉर्ट जवळ येण्याआधी बराच वेळ स्पीड उतरवलेला पाहिजे.

आता यातली खरी अडचण अशी की दोन नॉटने कुठे पोचताच येत नाही, म्हणून लोक शेवटच्या क्षणी स्पीड वाढवतात. हा सगळा गणिताचा भाग आहे आणि तो सोपा आहे. एक नॉट म्हणजे मिनिटाला साधारण 31 मीटर. दोन नॉट म्हणजे 62 मीटर. तुम्हाला कॉन्व्हॉयच्या मार्गाकडे एक किलोमीटर सरकायचं असेल तर 16 मिनिटं लागतात. स्लो कॉन्व्हॉय 7 नॉटने चालतो, म्हणजे मिनिटाला 216 मीटर, त्या 16 मिनिटांत तो जवळजवळ साडेतीन किलोमीटर पुढे येतो. म्हणजे कॉन्व्हॉय साडेतीन किलोमीटरवर असताना तुम्ही तुमच्या जागेपासून एक किलोमीटरपेक्षा लांब असाल तर आवाज न करता तुम्ही तिथे पोचू शकत नाही, विषय संपला. एचएक्ससारखा 9 नॉटवाला फास्ट कॉन्व्हॉय असेल तर अजून अवघड. म्हणून जी काही धावपळ करायची ती कॉन्व्हॉय दहा-पंधरा किलोमीटर लांब असताना, आणि शक्यतो पाण्यावर, नजरेच्या बाहेरून मोठा वळसा घालून. टाइप सेव्हन सी पाण्यावर 17 नॉटच्या वर जाते, कॉन्व्हॉय सात-नऊने चालतो, एवढा फरक असताना घाई करायची गरजच नाही. तीन-चार तास गेले तरी चालतील, टाइम कॉम्प्रेशन (खेळातला वेळ भरभर पळवायची सोय) आहेच की. बरेच जण पहिला धूर दिसला की तिथेच डुबकी मारतात आणि मग पाण्याखालून कॉन्व्हॉयचा पाठलाग करायला बघतात, पाण्याखाली सेव्हन सीचा जास्तीत जास्त स्पीड साडेसात नॉटच्या आसपास, आणि त्या स्पीडला बॅटरीही जाते आणि आवाजही. चार नॉटला तीच बॅटरी 80 सागरी मैल पुरते.

हवामानाचा फायदा घ्या. वारा जोरात आणि लाटा मोठ्या असतील तर हायड्रोफोन आणि डोळे दोन्ही मंदावतात, शांत समुद्रात दोन्ही तीक्ष्ण होतात. काचेसारखा समुद्र आणि चार व्हेटरन (अनुभवी क्रूचे) एस्कॉर्ट असतील तर मी सरळ सांगतो, लांबून मारा किंवा सोडून द्या, नाहीतर कॉन्व्हॉयच्या मागेपुढे राहून हवा बदलायची वाट बघा. अटलांटिकमध्ये कॉन्व्हॉय दोन आठवडे चालतो, तुमच्याकडे वेळ आहे.

अॅस्डिक. याच्याविषयी लिहायला जास्त आवडतं कारण इथे थोडं समजून घेतलं की खेळ एकदम बदलतो. अॅस्डिकचा बीम म्हणजे अंधारात टॉर्च फिरवणारा माणूस समजा, पुढे आणि थोडं बाजूला प्रकाश पडतो, मागे आणि अगदी पायाखाली नाही. टाइप सेव्हन सी 67 मीटर लांब आहे आणि रुंदी 6 मीटरच्या थोडी वर. बोट आडवी असेल तर पिंगला 67 मीटरची भिंत मिळते, नाक किंवा शेपूट समोर असेल तर सहा मीटर. दहापट फरक. सिम.सीएफजीमध्ये सोनारच्या भागात समोर येणाऱ्या पृष्ठभागाचा आकडा आहे तो यासाठीच. तुम्ही शांत आहात, खोल आहात, स्पीड एक नॉट आहे आणि तरी सापडता, तर शंभरातल्या नव्वद वेळा एस्कॉर्ट जवळून जाताना तुम्ही त्याला आडवे असता.

आणि हे होतं का, तर आपण सगळे हल्ल्याची आदर्श जागा म्हणून कॉन्व्हॉयच्या मार्गाला काटकोनात थांबायला शिकलोय. टॉर्पेडोसाठी ते बरोबर आहे. पण कॉन्व्हॉयच्या आधी पुढचा एस्कॉर्ट येतो ना, आणि तुम्ही त्या मार्गाला काटकोनात म्हणजे त्या एस्कॉर्टला बरोब्बर आडवे. म्हणून दोन टप्पे करा. कॉन्व्हॉय येताना बोटीचं नाक पुढच्या एस्कॉर्टकडे ठेवा, पेरिस्कोप खाली, स्पीड एक नॉट किंवा अगदी शून्य, हायड्रोफोनवर स्वतः जाऊन बसा आणि त्याच्या प्रोपेलरचा आवाज कुठून कुठे सरकतोय ते ऐका. बेअरिंग (म्हणजे आवाजाची दिशा) सरकत असेल तर तो बाजूने जाणार आहे. बेअरिंग जागचं हलत नसेल आणि आवाज वाढत असेल तर तो तुमच्यावरच येतोय, तेव्हा आणखी खोल जा, हळूहळू. तो बाजूने जायला लागला की नाक त्याच्याबरोबर थोडं थोडं वळवत राहा, म्हणजे त्याला कायम बारीक बाजूच दिसेल. तो मागे निघून गेला की मग वळून काटकोनाची जागा घ्या. यासाठी पुढचा एस्कॉर्ट आणि कॉन्व्हॉयची पहिली रांग यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढाच वेळ मिळतो, त्यामुळे आधीच कॉन्व्हॉयच्या मार्गाशी तीस-चाळीस अंशांवर असलेली बरी, पूर्ण नव्वद अंश वळायला वेळ पुरत नाही. गायरो अँगल (टॉर्पेडोला सुटल्यावर वळावा लागणारा कोन) जरा जास्त येईल, येऊ दे.

बाजूचे एस्कॉर्ट असतात त्यांचं काय, तर पुढचा आणि बाजूचा यांच्यामधली फट शोधा. पुढचा एस्कॉर्ट नागमोडी जातो, तो डावीकडे गेलेला असताना उजवीकडे फट मोठी होते. एकदा आत शिरलात की बरं असतं, रांगा एकमेकींपासून साधारण 900 मीटरवर, सगळीकडे जहाजांच्या प्रोपेलरचा गोंगाट, एस्कॉर्टला त्यातून तुमचा आवाज वेगळा काढणं अवघड. आत शिरायची हिंमत नसेल, किंवा 1943 असेल, तर बाहेरूनच तीन-साडेतीन किलोमीटरवरून मारा. कॉन्व्हॉय दाट असतो, एका जहाजाला चुकलेला टॉर्पेडो मागच्या रांगेतल्या दुसऱ्याला लागतो, कमी मिळतं पण बोट घरी येते.

लांबून मारताना कुठला टॉर्पेडो ते बघा. जी7ए म्हणजे टी1 वाफेवर चालतो, वेगवान आहे पण मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो, दिवसा जहाजं ती बघून वळतात. जी7ई म्हणजे टी2 विजेवर, 30 नॉट, रेघ नाही. दिवसा टी2, रात्री टी1, एवढं साधं ठेवा. टी2 ला तीन किलोमीटर जायला सव्वातीन मिनिटं लागतात. ही सव्वातीन मिनिटं म्हणजे सगळ्या हल्ल्यातला सोन्याचा वेळ आहे आणि बहुतेक जण तो पेरिस्कोपला डोळा लावून जहाज फुटताना बघण्यात घालवतात! समजू शकतो, त्यासाठीच तर खेळतो आपण. पण त्या क्षणी एकाही एस्कॉर्टला तुमची खबर नाही. शेवटचा टॉर्पेडो सुटला की पेरिस्कोप खाली, वळायला सुरुवात, खोल जायला सुरुवात. सगळ्यात लांबच्या टार्गेटवर आधी सोडा आणि जवळच्यावर शेवटी, म्हणजे सगळे एकाच वेळी लागतात आणि पहिल्या स्फोटानंतर बाकीची जहाजं वळायच्या आत काम झालेलं असतं.

आता कुठे वळायचं. सरळ कॉन्व्हॉयपासून लांब, ज्या बाजूने आलात त्या बाजूला पळू नका, एस्कॉर्ट पहिल्यांदा तिकडेच बघायला येतात. खऱ्या युद्धातही लिव्हरपूलला गिल्बर्ट रॉबर्ट्सच्या हाताखाली वेस्टर्न अॅप्रोचेस टॅक्टिकल युनिट होतं, तिथे 1942 मध्ये जमिनीवर नकाशा मांडून, जहाजांचे ठोकळे सरकवून हेच अभ्यासलं गेलं की टॉर्पेडो लागल्यावर यू-बोट नेमकी असते कुठे आणि जाते कुठे, आणि त्यावरून एस्कॉर्टच्या कवायती बसवल्या गेल्या. त्या युनिटमधल्या बऱ्याचशा मुली विशीतल्या, रेन्स म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या महिला शाखेत भरती झालेल्या, आणि समुद्रावरून आलेल्या अनुभवी कॅप्टनना त्या शिकवायच्या, हे वाचलं तेव्हापासून त्या एस्कॉर्टबद्दल मला जास्त आदर वाटतो. असो.

मी सांगीन की कॉन्व्हॉयच्या खालून जा आणि त्याच्या उलट्या दिशेला निघा. तो 7 नॉटने पुढे, तुम्ही 2 नॉटने मागे, म्हणजे अंतर 9 नॉटने वाढतं, एका तासात साडेसोळा किलोमीटर. एस्कॉर्टला कधी ना कधी कॉन्व्हॉयकडे परत जावंच लागतं, खेळात पण ते ठराविक वेळ शोधून सोडून देतात, मग तुम्ही जितके मागे तितकं त्यांना तुमच्यासाठी थांबणं परवडत नाही.

तरीही पकडलंच तर. एस्कॉर्ट येताना त्याला शेपूट दाखवा आणि स्पीड कमीच ठेवा. तो शेवटच्या काही शे मीटरमध्ये आला की तुम्ही बीमच्या खाली जाता आणि त्याचा संपर्क तुटतो, तुम्ही जितके खोल तितका आधी तुटतो, ब्रिटिश कॅप्टन तर संपर्क किती अंतरावर तुटला त्यावरूनच बोट किती खोल आहे याचा अंदाज बांधायचे. त्यानंतर तो आंधळा असतो आणि डेप्थ चार्ज सेकंदाला साधारण तीन मीटरने खाली येतो. तुम्ही 150 मीटरवर असाल तर तुमच्याकडे 50 सेकंद आहेत. दोन नॉटने 50 सेकंदात तुम्ही जेमतेम 50 मीटर सरकता, सात नॉटने 180 मीटर. म्हणून इथे आणि फक्त इथेच फुल स्पीड आणि पूर्ण रडर (सुकाणू), तो डोक्यावर आला की लगेच, आणि स्फोट थांबायच्या आत परत दोन नॉटवर. स्फोटांनी पाणी ढवळलेलं असतं, त्याला स्वतःच्या स्पीडमुळेही काही ऐकू येत नसतं. त्याने वळून परत शोधायला सुरुवात करेपर्यंत तुम्ही नव्या दिशेला, नव्या खोलीवर आणि गप्प. जे लोक पहिल्या पिंगलाच फुल स्पीड मारतात ते हा डाव लागू व्हायच्या आतच हरतात.

दोन एस्कॉर्ट असतील तर सावध. एक धावून येतो आणि दुसरा लांब, हळू किंवा अगदी थांबून ऐकत बसतो. हल्ला करणारा लक्ष वेधून घेतो पण पत्ता सांगणारा तो दुसरा. खऱ्या अटलांटिकमध्ये ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन वॉकरने हेच हत्यार केलं, एक जहाज लांबून अॅस्डिकवर संपर्क धरून ठेवायचं आणि दुसरं, पिंग न मारता, पाच नॉटच्या आसपास सरकत बोटीच्या वर यायचं, बोटीला कळायचंच नाही. म्हणून हायड्रोफोनवर कोण हलत नाहीये ते शोधा आणि बारीक बाजू त्याच्याकडे ठेवा, धावणाऱ्याकडे नाही. हे एवढं केल्याने फार फरक पडतो आणि कोणी सांगत नाही.

हेजहॉग आल्यावर मात्र वरचं गणित चालत नाही. तो 24 लहान बाँब पुढच्या बाजूला फेकतो, संपर्क तुटायच्या आत, आणि ते फक्त बोटीला लागले तरच फुटतात. म्हणजे तुम्हाला डोक्यावर आल्याची चाहूल नाही आणि स्फोटाचा आडोसाही नाही. एस्कॉर्ट हळू येतोय, सरळ येतोय आणि अजून दोन-तीनशे मीटरवर आहे, तेव्हाच वळायला लागतं. बोल्ड डिकॉय (सोनारला फसवायला सोडायचा बुडबुड्यांचा ढग) असेल तर तो अशा वेळी, वळायच्या क्षणी सोडा, सरळ जाताना सोडलात तर फुकट जातो, कारण बुडबुड्यांचा तो ढग तुमच्याच रेषेत राहतो.

सप्टेंबर 1943 नंतर टी5 मिळतो, प्रोपेलरच्या आवाजावर जाणारा, एस्कॉर्टसाठीच केलेला. तो सोडल्यावर खऱ्या कमांडरना लगेच 60 मीटर खाली जाऊन गप्प बसायचे हुकूम होते, कारण तो स्वतःच्या बोटीवरही फिरायचा. खेळातही तीच सवय ठेवा. आणि हळू चाललेल्या एस्कॉर्टवर तो वाया घालवू नका.

आता सायलेंट हंटर 4 खेळणाऱ्यांसाठी थोडं. त्या खेळातल्या पॅसिफिकमध्ये थर्मल लेयर आहे, म्हणजे गरम पाणी संपून थंड पाणी सुरू होतं तो थर, तिथे पिंग वाकतो आणि खालची बोट लपते. खोल जाताना क्रू सांगतो लेयर ओलांडला म्हणून, ते कान देऊन ऐका आणि त्याच्या खाली राहा, इथे वर सांगितलेल्या बाकी गोष्टींपेक्षा हा एकच उपाय जास्त कामी येतो. मूळ सायलेंट हंटर 3 मध्ये हा थर नाही, त्यामुळे तिथे "लेयरच्या खाली जा" हा सल्ला कोणी देत असेल तर तो दुसऱ्या खेळाचा आहे.

सगळं करूनही गुंता सुटत नसेल तर दोन गोष्टी तपासा. एक, तुम्ही कुठला मॉड (मूळ खेळात बदल करणाऱ्या, खेळाडूंनी बनवलेल्या फाइल) लावलाय. जीडब्ल्यूएक्स या मॉडमध्ये एस्कॉर्ट मूळ खेळापेक्षा कडक आहेत, आणि दोन-तीन मॉड एकावर एक टाकले की सिम.सीएफजी शेवटच्या मॉडची राहते, मग दुसऱ्याने दिलेला अंतराचा किंवा स्पीडचा आकडा तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही. दुसरं, करिअरमध्ये प्रयोग करू नका. खेळाबरोबर मिशन एडिटर येतो, त्यात एक छोटा कॉन्व्हॉय ठेवा, एकच एस्कॉर्ट ठेवा, त्याचा क्रू कॉम्पिटंट ठेवा, तारीख 1941 ची, वारा मध्यम. आडवे राहून एकदा त्याला जवळून जाऊ द्या, मग नाक त्याच्याकडे ठेवून जाऊ द्या, स्पीड तोच, खोली तीच. मग एकटा स्पीड बदलून बघा. मग वारा. मग क्रू व्हेटरन करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. कुठल्या अंतरावर तो वळतो ते प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवा, तुमच्या मॉडचा, तुमच्या सेटिंगचा स्वतःचा तक्ता तयार होतो आणि तो दुसऱ्या कुणाच्याही सल्ल्यापेक्षा भरवशाचा. त्यानंतरच दुसरा एस्कॉर्ट वाढवा, त्याला लांब थांबवून ठेवा आणि बारीक बाजू कुणाकडे ठेवायची त्याचा सराव करा, मग 1943 ची तारीख टाका. मे 1943 या एका महिन्यात जर्मनांच्या 41 यू-बोटी गेल्या, त्यामुळे त्या तारखेला तुमचा तक्ता एकदम वाईट दिसायला लागला तर सेटिंगमध्ये बिघाड शोधत बसू नका.